चाकांवरच्या घरातील ऊन पाणी

परभणीची पौषातली पहाट ज्याने अनुभवली आहे, त्याला थंडीची महती निराळी सांगावी लागत नाही. एरवी हा मुलूख उन्हाचा म्हणून प्रसिद्ध. वैशाखात पारा ४२-४३ अंशांपर्यंत सहज चढतो आणि भर दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. पण तोच प्रदेश हिवाळ्यात, उत्तरेकडील कोरडे वारे सुरू झाले आणि आकाश निरभ्र राहिले म्हणजे, आपली दिवसाची सारी ऊब एका रात्रीत आभाळाला देऊन मोकळा होतो. येथे १९७२ साली स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्याही खाली उतरल्याची नोंद आहे. आणि मराठवाड्यातील थंडीची वार्ता वर्तमानपत्रांत आली की परभणीचे नाव बहुधा अग्रभागी असते. अशा पहाटे ऊन पाण्याची बादली ही चैन नव्हे. घरात वृद्ध माणूस असेल, लहान मूल असेल, तर ती औषधाइतकी अगत्याची वस्तू होय.

घर जोवर एका जागी उभे होते तोवर हा प्रश्न फारसा बिकट नव्हता. परसात चूल असे, न्हाणीत तांब्याचा बंब असे, पुढे विजेचा गीझर आला. परंतु आता घरच चाकांवर बसून फिरू लागले आहे. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून निजण्याची, स्वयंपाकाची व स्नानाची सोय असलेल्या गाड्या आपल्याकडेही लोकांच्या नजरेत भरू लागल्या. काही कुटुंबे अशी गाडी भाड्याने घेतात. काही हौशी गृहस्थ जुनी प्रवासी गाडी विकत घेऊन सुताराकडून तीत फळ्या ठोकवून घेतात व तिलाच घर म्हणतात. खरे पाहता परभणीला हा प्रकार अगदीच अनोळखी म्हणता येणार नाही. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरणारे लमाणांचे तांडे हे दुसरे काय होते? आणि आजही दिवाळी झाली की गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीला निघणारी कुटुंबे आपला अवघा संसार गाडीवर चढवूनच निघतात. भर हिवाळ्यात, उजाडण्यापूर्वी, उसाच्या फडाजवळ तीन दगडांवर डेचकी ठेवून त्या घरच्या बायका पाणी तापवितात. त्यांच्या चुलीकडे पुढे पुन्हा वळावे लागणार आहे.

आता एक कुटुंब कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. मुलगा, सून, दोन नातवंडे आणि सत्तरी ओलांडलेली आई अशी पाच माणसे पुण्याहून आपल्या गाडीने निघाली आहेत. आईचे माहेर गंगाखेडच्या बाजूचे. तिला गोदावरीचे दर्शन घ्यावयाचे आहे आणि जनाबाईच्या देवळात जाऊन यावयाचे आहे. रात्रीचा मुक्काम आप्तांच्या मळ्यात, विहिरीच्या कडेला झाला. गाडीच्या पोटाखाली ६० लिटर पाण्याची टाकी आहे, ती आदल्या दिवशी दुपारीच भरून घेतलेली. न्हाणीच्या कपाटाबाहेर, आतल्या भिंतीवर, स्वयंपाकाच्या गॅसवर चालणारा छोटा गीझर लाविलेला आहे. पुण्याच्या घरी हाच गीझर कढत पाणी देत असे. आज मात्र नळाखाली हात धरला तर पाण्याची धार जेमतेम सोमट. मुलगा वैतागतो.

“आई, गीझर बिघडलेला दिसतो. पाणी काही तापतच नाही.”

“गीझर कशाला बिघडेल, बाळा? रात्रभर गाडीच्या पोटात पाणी गारठलंय. त्या विहिरीच्या दोन बादल्या शेंदून आण बरं. थंडीत विहिरीचं पाणी ऊन असतं.”

मुलगा हसतो, पण जातो. पोहरा वर येतो तेव्हा पाण्यावर वाफेचा पुंजका तरंगत असतो, आणि हात घातल्यावर त्याला आश्चर्य वाटते. आईने सांगितले ते पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातही सापडण्यासारखे आहे. पण तिने ते पुस्तकात वाचलेले नाही.

ह्या प्रसंगाचा उलगडा व्हावयाचा तर टाकी नसलेला गीझर म्हणजे काय, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. जुना तांब्याचा बंब आठवावा. त्याच्या मधोमध नळकांडे, नळकांड्यात कोळसे अथवा लाकडाच्या ढलप्या, भोवताली पाणी. तो सावकाश तापे, पण एकदा तापला की तासभर ऊब सांभाळी. घरातली चार माणसे एकामागून एक न्हाऊन घेत. तो म्हणजे धान्याची कणगी. टाकी नसलेला गीझर हा रोजंदारीवरचा मजूर आहे. त्याच्यापाशी शिल्लक नाही. पाणी तांब्याच्या बारीक नळीच्या वेटोळ्यातून वाहते, खाली ज्योत पेटते, आणि जे काय तापायचे ते त्या काही क्षणांतच तापते. म्हणून हे यंत्र ठराविक उष्णतेचे पाणी देत नाही, तर आलेल्या पाण्यात ठराविक अंशांची भर घालते. आत येणारे पाणी जसे, तसे बाहेर पडणारे. ही एवढी गोष्ट समजली की गाडीतल्या गीझरविषयीच्या निम्म्या तक्रारी आपोआप मिटतात.

ह्या यंत्राचे मूळ इंग्लंडात आहे. लंडनमधील बेंजामिन वॅडी मॉन नावाच्या रंगाऱ्याने १८६८ साली असा गॅसचा तापक प्रथम काढला आणि आइसलँडातील प्रसिद्ध उष्णोदकाच्या कारंजावरून त्याला ‘गीझर’ हे नाव दिले. आपल्याकडे आज विजेच्या टाकीलाही गीझरच म्हणतात; नाव कोठून आले ह्याची कोणाला आठवण नाही. त्या पहिल्या गीझरला एक मोठी उणीव होती. जळालेला वायू घराबाहेर नेणारे धुराडेच त्याला नव्हते. दीडशे वर्षे उलटून गेली तरी ही उणीव आपल्या पुष्कळ न्हाणीघरांतून अद्याप गेलेली नाही, हे पुढे दिसून येईल.

प्रथम ऊन पाण्याचा हिशेब. एक लिटर पाणी एका मिनिटात एक अंश तापवावयास सुमारे ७० वॅट शक्ती लागते. स्नानाला मिनिटास ५ लिटरची धार धरली आणि पाणी ४० अंशांचे हवे असे मानले, तर सारा खेळ येणाऱ्या पाण्यावर अवलंबून राहतो. गाडीच्या टाकीतले पाणी चोहोंकडून थंड हवेत उघडे असते. पातळ पत्र्याची वा प्लास्टिकची टाकी, खालून वाहणारा वारा, आणि बारा तासांची रात्र. पहाटेपर्यंत ते पाणी ९-१० अंशांवर येऊन ठेपले तर नवल नाही. त्याला ४० अंशांवर न्यावयाचे म्हणजे ३१ अंशांची भर, म्हणजे जवळजवळ ११ किलोवॅट. लहान गीझरची धाव साधारणपणे एवढ्यावरच संपते. उलट जमिनीच्या पोटातील पाणी ऋतूंना फारसे जुमानत नाही. काही मीटर खोल गेले की तेथील उष्णता वर्षभराच्या सरासरीच्या जवळपास स्थिर राहते; परभणीकडे ती २५ अंशांच्या आसपास असते, उघड्या विहिरीत थोडी कमी, खोल कूपनलिकेत थोडी अधिक. उन्हाळ्यात तेच पाणी गार वाटते आणि हिवाळ्यात ऊन, कारण पाणी तेच राहते; बदलतो तो आपला हात आणि भोवतालची हवा. अशा २५ अंशांच्या पाण्याला १५ अंशांची भर पुरते. शक्ती निम्मी, गॅसही निम्मा.

सिलिंडरच्या भाषेत बोलावयाचे तर गारठलेल्या टाकीवर गीझर मिनिटाला सुमारे १७ ग्रॅम गॅस जाळतो. ५ किलोच्या लहान सिलिंडरवर दहा दहा मिनिटांची साधारण तीस स्नाने होतील. विहिरीवरून अथवा बोअरवरून पहाटे ताजे पाणी घेतले तर तीच संख्या साठाच्या घरात जाईल. तेव्हा हिवाळ्यात फिरत्या घराची टाकी आदल्या सायंकाळी काठोकाठ भरून ठेवण्याची जी सवय आहे, ती पिण्याच्या पाण्यापुरती ठीक. स्नानाचे पाणी ज्या सकाळी हवे त्या सकाळीच घ्यावे. जेथे ताजे पाणी मिळण्याची सोय नसेल तेथे निदान पाण्याचे कॅन रात्री गाडीच्या आत, पांघरुणाखाली ठेवावेत. माणसांच्या ऊबेने चार-पाच अंशांचा फरक पडला तरी तो गीझरला मोलाचा असतो.

काही जण म्हणतात, गॅसचा हा खटाटोप हवाच कशाला? विजेचा छोटा गीझर लावावा. त्याचेही गणित एकदा करून पाहावे. ३ किलोवॅटचा विजेचा गीझर मिनिटाला ५ लिटरच्या धारेत नऊ अंशांचीही भर घालू शकत नाही. धार २ लिटरवर आणली तर २१ अंश मिळतील, पण २ लिटरची धार म्हणजे अंगावर पाणी पडण्यापेक्षा ते ठिबकणेच अधिक. आणि गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीतून ३ किलोवॅट ओढावयाचे तर २५० अँपिअरचा प्रवाह लागेल. २० लिटरची एक बादली ३० अंशांनी तापवावयास १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीची निम्म्याहून अधिक शक्ती खर्ची पडते. दोन बादल्या झाल्या की गाडीतला दिवाही लागणार नाही. मुक्कामाच्या ठिकाणी घरगुती विजेची जोडणी मिळत असेल तर गोष्ट निराळी. अन्यथा रानात उभ्या असलेल्या गाडीला गॅसवाचून गती नाही.

आणि येथेच खरा धोका उभा राहतो. पाणी कोमट राहिले तर फार तर हुडहुडी भरेल. हवा बिघडली तर माणूस उठणार नाही.

आपल्या आज्या-पणज्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळली होती. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवीत, पण खिडकी किलकिली ठेवल्यावाचून नाही. आणि कोळसे फुलवून दार लावून निजणे हे तर अभद्रच मानीत. कोळशाच्या धुराने माणसे गुदमरून गेल्याच्या गोष्टी प्रत्येक गावात ठाऊक असत. गॅसची ज्योत निळी, स्वच्छ, बिनधुराची. म्हणून ही जुनी शिकवण तिला लागू नाही असा एक समज नकळत रूढ झाला आहे. तो समज घातक आहे. ज्योतीला पुरेशी हवा मिळत असते तोवर ती खरोखरच निरुपद्रवी असते. हवा कमी पडू लागली की तीच ज्योत कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू सोडू लागते. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत तो झोंबत नाही. रक्तातील जो लाल घटक प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक बळकटपणे चिकटतो. मग छाती भरून श्वास घेतला तरी शरीर उपाशीच राहते.

गाडीत हवा किती लवकर कमी पडते हे पाहण्यासारखे आहे. वर सांगितलेला गीझर दहा मिनिटे पूर्ण ज्योतीने चालला तर सुमारे दोन घनमीटर हवेतील सगळा प्राणवायू त्यात खर्च होतो. चार मीटर लांब, पावणेदोन मीटर रुंद आणि तेवढीच उंच अशा गाडीच्या पोटात सारी मिळून बारा घनमीटर हवा असते. तीही सामान, गाद्या आणि माणसे नाहीत असे धरून. म्हणजे दारे-खिडक्या बंद असतील तर एका स्नानात प्राणवायूचे प्रमाण शेकडा २१ वरून साडेसतरापर्यंत खाली येते, आणि १८ च्या खाली गेले की ज्योत बिघडू लागते. दुसऱ्या स्नानाला बसणारा माणूस बिघडलेल्या ज्योतीच्या हवेत बसतो. गीझर जर न्हाणीच्या कपाटातच लाविलेला असेल, तर तेथे दीड घनमीटर हवा. ती सात-आठ मिनिटेही पुरावयाची नाही. आणि थंडीत माणूस काय करतो? फटीफटींत कापड कोंबतो, पडदे ओढतो, दार घट्ट लावून घेतो. ज्या दिवशी ज्योत सर्वांत मोठी असते त्याच दिवशी हवेच्या वाटा सर्वांत लहान केलेल्या असतात. उन्हाळ्यात जो गीझर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालला तोच हिवाळ्यात घात करतो, त्याचे कारण हे. गॅस गीझर लावलेल्या बंद न्हाणीत कोणी दगावल्याची बातमी आपल्याकडे थंडीच्या दिवसांत पुनःपुन्हा वाचावयास मिळते. ती न्हाणी तर पक्क्या घरातली, गाडीच्या कपाटाहून कितीतरी मोठी असते.

ह्या विषाची पहिली लक्षणे फसवी असतात. डोके दुखते, मळमळते, भोवळ येते, हातापायांतले त्राण जाते. प्रवासात निघालेला माणूस म्हणतो, रात्री झोप नीट झाली नाही, गाडी लागली, पित्त झाले. न्हाणीत बसलेल्याला तर कडी काढण्याचेही बळ उरत नाही. एकाच गाडीतील दोघा-तिघांचे डोके एका वेळी दुखू लागले तर पित्ताचा विचार सोडून द्यावा, सर्वांनी ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत यावे, जाताजाता सिलिंडर बंद करावा, आणि दवाखान्यात पोहोचताच गॅसचा उल्लेख पहिल्या वाक्यात करावा. २०२० व २०२१ सालांच्या साथीत पुष्कळ घरांनी बोटाला लावण्याचे ऑक्सिमीटर घेतले. ते अजूनही कपाटात असतात. ह्या प्रसंगी त्यांवर विसंबू नये. रक्ताला चिकटलेला हा वायू त्या यंत्राला प्राणवायूसारखाच दिसतो, आणि माणूस खालावत असताना आकडा उत्तम राहतो.

तेव्हा घरगुती गॅस गीझर गाडीच्या आत लावू नये, हे स्पष्ट सांगणे प्राप्त आहे. झरोका ठेवला आहे, पंखा लाविला आहे, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. खास फिरत्या घरांसाठी केलेले गीझर निराळे असतात. त्यांची ज्योत बंद पेटीत जळते, हवा बाहेरून घेते आणि जळालेला वायू भिंतीतून बाहेरच सोडते. आतल्या हवेशी तिचा संबंधच येत नाही. ते महाग पडतात. ज्यांना ते परवडत नाहीत त्यांच्यासाठी ऊसतोड्यांच्या चुलीचा धडा आहे. ती चूल डोळ्यांतून पाणी काढते, काजळी धरते, वाऱ्याने भडकते. पण ती आभाळाखाली असते. घरगुती गीझर गाडीच्या बाहेरच्या अंगाला खुंटीवर टांगावा, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला, पण चहूकडून झाकून नव्हे. उघड्या खिडकीच्या खाली तर नव्हेच. पाणी बाहेरच तापवावे आणि बादलीने आत न्यावे.

बादलीच्या ह्या मार्गाला काही सुशिक्षित मंडळी नाके मुरडतील. गाडीत फवारा असताना बादली कशाला? परंतु फवाऱ्याखाली दहा मिनिटे उभे राहिले तर ५० लिटर पाणी जाते, म्हणजे टाकी जवळजवळ रिकामी. बादली-तांब्याच्या स्नानाला १५-२० लिटर पुष्कळ होतात. शिवाय टाकी नसलेल्या गीझरला स्वतःचा एक हट्ट असतो. मिनिटाला दोन-अडीच लिटरपेक्षा धार बारीक झाली की त्याची ज्योत आपोआप विझते. थंडीत पाणी अधिक तापावे म्हणून नळ जरा आवळला, की एकदम गार पाण्याचा सपकारा अंगावर येतो. लहान पंपावर चालणाऱ्या गाडीच्या नळाला तर हे नेहमीचेच. बादलीत पाणी घेतले म्हणजे पहिली गार धार आणि नंतरची कढत धार एकमेकींत मिसळून जातात, आणि जास्त झाले तर वरून विसण घालता येते. आजीबाईंना हातात तांब्या असला की जे समाधान वाटते ते फवाऱ्याने कधीच वाटत नाही, हाही एक मुद्दा दुर्लक्षिण्यासारखा नाही.

सिलिंडरलाही थंडी वाजते. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमध्ये ब्यूटेन आणि प्रोपेन ह्यांचे मिश्रण असते. प्रोपेन उणे ४२ अंशांवरही उकळून वायुरूप होतो; ब्यूटेन मात्र शून्याच्या किंचित खालीच द्रवरूप धरून बसतो. परभणीच्या ५-६ अंशांच्या पहाटे तो नाइलाजाने, मंदपणे उठतो. त्यातून गीझरसारखे खादाड यंत्र जोडले की द्रवाचा वायू होताना सिलिंडर स्वतः आणखी गार पडत जातो. त्याच्या अंगावर दव साचलेले दिसते. प्रोपेन आधी निघून जातो आणि तळाशी ब्यूटेन उरतो, म्हणून अर्धा संपलेला लहान सिलिंडर थंडीत फार लवकर मान टाकतो. अशा वेळी काही लोक सिलिंडरवर कढत पाणी ओततात किंवा तो शेकोटीजवळ नेतात. हे साहस प्राणावर बेतणारे आहे. पहाटेच्या मुक्कामासाठी भरलेला सिलिंडर राखून ठेवावा, किंवा ऊन चढेपर्यंत थांबावे. गळालेला गॅस हवेहून जड असल्याने तो गाडीच्या तळाशी साचतो. सिलिंडरचा कप्पा आतून बंद आणि तळाशी बाहेर उघडणारा असावा तो यासाठी. कार्बन मोनॉक्साइड मात्र हवेत सर्वत्र मिसळतो. त्याची सूचना देणारे यंत्र निजणाऱ्याच्या उशाच्या उंचीवर लावतात. ते गाडीत असावेच.

मराठवाड्यातील खडक काळ्या दगडाचा आणि कूपनलिकांचे पाणी बहुतेक ठिकाणी जड. गीझरच्या नळीत क्षारांचा थर बसतो आणि पाणी जितके कढत करावे तितका तो लवकर बसतो. ६० अंश तापवून विसण घालण्यापेक्षा ४०-४५ वरच ठेवलेले बरे. परभणीत नळीतले पाणी गोठण्याचे भय मात्र नाही. धावत्या गाडीला वारा कितीही बोचरा लागला तरी तो पाण्याला हवेपेक्षा गार करू शकत नाही. पण हीच गाडी घेऊन कोणी पौषात हिमाचलाकडे किंवा काश्मीराकडे जाणार असेल तर रात्री निजण्यापूर्वी गीझरचे पाणी शेवटच्या थेंबापर्यंत काढून टाकावे. गोठताना पाणी शेकडा ९ ने फुगते, तांब्याची बारीक नळी चिरते, आणि ती चीर सकाळी बर्फ वितळेपर्यंत कोणाला दिसत नाही.

त्या मळ्यात आता तांबडे फुटले आहे. मुलाने गीझर आतल्या भिंतीवरून काढून गाडीच्या बाहेरच्या कडीला टांगला आहे आणि छोट्या पंपाची नळी थेट विहिरीच्या पाण्याने भरलेल्या पिंपात सोडली आहे. बादली चार मिनिटांत भरली. आजीबाईंनी बोट बुडवून पाहिले, तांब्याभर विसण मागितले आणि न्हाणीचे दार ओढून घेतले. सुनेने सिलिंडरची चावी बंद केली. नातवंडे पिंपावरच्या वाफेत हात शेकीत उभी राहिली. दोघांचीही स्नाने ऊन वर आल्यावर होतील, मग गंगाखेडचा रस्ता.